खुर्चीवरून उठलेला फौजदार

आमच्या सांता रूफिना गावात दोन आळ्या आहेत, वरची आणि खालची. मध्ये चर्चचा चौक. माणूस ज्या आळीत जन्मतो त्या आळीचा मरेपर्यंत राहतो, मग तो राजधानीत बँकेचा साहेब होवो नाहीतर कालव्यावरच्या जहाजांना दोर बांधो. एरवी याचा कुणाला त्रास नसतो. आम्ही एकाच चर्चमध्ये जातो, एकाच खाटकाकडून मांस घेतो, एकमेकांच्या घरात मुली देतो. पण चाळीस दिवसांचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या आधीचे कार्निव्हलचे चार दिवस आले की वरच्या आळीची राणी वेगळी, खालच्या आळीची वेगळी. वाजंत्री वेगळी, फटाके वेगळे. दोन्ही मिरवणुका रोज चौकात समोरासमोर येतात आणि एकमेकांवर गाणी म्हणतात. गाणी म्हणजे शिव्याच, पण तालासुरात.

ओलेगारियो फ्रियास यांतल्या कुठल्याच आळीचा नव्हता. तो आमच्या गावचा फौजदार होता, नंतर अल्काल्दे झाला, म्हणजे तालुक्याचा निवडून आलेला कारभारी. पुढे एकदा संसदेच्या निवडणुकीलाही उभा राहिला आणि सपाटून पडला, पण ते सांगण्यासारखे काही नाही. त्याच्याबद्दल गावात जे सांगतात त्यात बरीच भर पडत चालली आहे, म्हणून मला आठवते तसे लिहून ठेवतो. मला लिहायची सवय नाही. शिवाय मी खालच्या आळीचा आहे, आमच्या मिरवणुकीत ढोल वाजवत आलो आहे, तेव्हा माझ्या सांगण्यावर थोडा अविश्वास ठेवलेलाच बरा.

देशातले सैन्य मोडून नवे पोलीस खाते निघाले त्या सुमारास तो आला. डोंगरातला माणूस, कॉफीच्या मळ्यांकडचा. उंच, जाड मिशीचा, चालताना घाई नाही. आमच्या ठाण्यावर नेहमी बाहेरगावचाच फौजदार पाठवतात, कारण गावातला पाठवला तर कार्निव्हलमध्ये त्याची काठी एकाच बाजूला पडते. आधीचे फौजदार काठ्या घेऊन चौकात उभे राहायचे आणि तरी दर वर्षी कुणाचे तरी डोके फुटायचे. ओलेगारियोच्या पहिल्या कार्निव्हलमध्ये वरच्या आळीच्या एका वाजंत्र्याचा कर्णा आमच्या आळीतल्या एकाच्या पाठीवर वाकला. तो कर्णा नंतर कधी नीट वाजला नाही, असे म्हणतात.

दुसऱ्या वर्षी ओलेगारियोने काठी आणली नाही. ठाण्यातली गाईच्या कातड्याची खुर्ची त्याने स्वतः उचलून आणली आणि चौकाच्या बरोबर मध्ये ठेवून तिच्यावर चर्चकडे तोंड करून बसला. उजवा खांदा वरच्या आळीकडे, डावा आमच्याकडे. कुणाकडे पाठ नाही, कुणाकडे तोंड नाही. मग त्याने शांतपणे नियम सांगितला: जो माणूस खुर्ची ओलांडून पलीकडे जाईल, त्याच्या आळीचे ढोल संध्याकाळची घंटा होईपर्यंत बंद.

आम्हाला वाटले, हा काय नियम. पण वरच्या आळीचा बेकरीवाला रंगात येऊन खुर्चीच्या पुढे गेला आणि त्यांचे ढोल बंद झाले, तेव्हा आम्हाला कळले की हे तुरुंगापेक्षा वाईट आहे. समोरची आळी तुमच्या राणीच्या नाकावर, तुमच्या आळीतल्या विहिणींवर, तुमच्या कंजूषपणावर गाणी म्हणते आहे आणि तुम्हाला उत्तर देता येत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक गेला, मग आम्ही तोंड मिटून ऐकले. त्यानंतर खुर्ची ओलांडायची कुणाची हिंमत झाली नाही. वरिष्ठांनी ओलेगारियोची बदली करायचे अनेकदा ठरवले आणि दर वेळी दोन्ही आळ्यांची माणसे एकाच बसमध्ये बसून राजधानीला जाऊन ती रद्द करून आली. दोन्ही आळ्यांचे एकमत झालेली गावात तेवढी एकच गोष्ट होती.

त्याने लग्न मात्र वरच्या आळीत केले. दियोसेलिना शिंपीण होती, वरच्या राणीचा घेरदार पोशाख तिच्याच हातचा असायचा. आमच्या आळीने ओरड केली की आता खुर्ची कलणार. पुढच्या कार्निव्हलमध्ये दियोसेलिनाचा सख्खा चुलत भाऊ नाचत नाचत खुर्चीपुढे गेला. ओलेगारियोने मान न वळवता उजवा हात वर केला आणि वरच्या आळीचे ढोल बंद केले. सासरची माणसे त्याच्याशी उन्हाळा संपेपर्यंत बोलली नाहीत. आमच्या आळीची ओरड मात्र थांबली.

चौकात, पोस्टाला लागून त्यांनी घर घेतले. पोस्टात मी कारकून होतो, असा आमचा शेजार. पुढे त्यांच्या मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता मी झालो, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतो. कार्निव्हलच्या आदल्या संध्याकाळी दियोसेलिना दर वर्षी कपड्यांचे गाठोडे घेऊन वरच्या आळीत आईकडे जायची आणि राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन परत यायची. आमच्याकडे मिश्र घरांत असेच चालते. ती म्हणायची, वर्षभर मी फौजदाराची बायको, हे चार दिवस मला नवरा नाही. ओलेगारियो चार दिवस स्वतः युकाचे कंद उकडायचा आणि डब्यात घालून खुर्चीवर न्यायचा. दोन्हीकडच्या बायका त्याला पेल्यातून मक्या-दुधाचे चिचेमे, भाजलेले मांस, मक्याच्या पिठाचे उकडलेले बोय्यो आणून द्यायच्या. त्याने कुणाच्या हातचे काही खाल्ले नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. आमच्या गावात गाणे कुणावर होत नाही? पाद्र्यावर आहे, डॉक्टरवर आहे, शाळेच्या बाईंवर तर किती आहेत. माझ्यासारख्या माणसावरही दोन आहेत, त्यांतले एक माझ्या कानांवर आहे. ज्याच्यावर गाणे नाही तो एकतर पाहुणा किंवा मेलेला. ओलेगारियोवर एकाही आळीने कधी गाणे केले नाही. एकदा डोमिनो खेळताना त्याने सोंगट्यांकडे बघतच मला विचारले, "कोम्पाद्रे मेलितोन, माझ्यात हसण्यासारखं काहीच नाही का?"

मला वाटले, थट्टा करतो आहे. मी म्हणालो, मिशी आहे की. तो हसला आणि त्याने पुढची सोंगटी लावली.

तो निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटले, आता कोंबड्या पाळील. पण त्याच्या डोक्यात पाणी होते. आमच्याकडे पाऊस गेला की चार-पाच महिने थेंब नाही. पाण्याची जुनी टाकी वरच्या आळीच्या टेकाडावर. तिथून नळ निघतो तो वरच्या आळीतून, चौकातून खाली येतो आणि आमच्या आळीच्या टोकाशी पोहोचेपर्यंत त्याची सुतळी झालेली असते. वरचा अल्काल्दे आला की तो टाकीला रंग देई. खालचा आला की तो खाली वेगळी टाकी बांधायचे वचन देई, कारण वरच्या टाकीचे पाणी पिणे हा त्याला अपमान वाटे, आणि तेवढ्यात त्याची मुदत संपे. ओलेगारियोने फौजदार म्हणून इतकी वर्षे पाहिले होते की गावातली खरी भांडणे कार्निव्हलमध्ये होत नाहीत, कार्निव्हलनंतर पाण्याच्या पिंपांपाशी होतात. त्याला दोन्ही आळ्यांना पुरेल अशी एक मोठी टाकी हवी होती. ते काम अल्काल्दे झाल्याशिवाय होणार नव्हते, म्हणून तो निवडणुकीला उभा राहिला.

समोर वरच्या आळीचा दातांचा डॉक्टर होता आणि खालच्या आळीचा गुरांचा व्यापारी. ओलेगारियोने आपली घोषणा स्वतः तयार केली आणि त्याला तिचा फार अभिमान होता: "ना वरचा, ना खालचा, सगळ्यांचा." ती त्याच्या फोटोखाली छापून विजेच्या खांबांवर लावली. मग डिसेंबरपासून तो घरोघर जाऊ लागला, दोन्ही आळ्यांत. एका संध्याकाळी तो खुशीत परतला तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर बसलो होतो. दियोसेलिना शिवणयंत्रावर होती. तिने यंत्र न थांबवता विचारले, "कॉफी कुठे कुठे मिळाली?"

"सगळीकडे. प्रत्येक घरी."

"कोणत्या कपात?"

ओलेगारियोला प्रश्न कळला नाही. म्हणाला, चांगल्या कपात, सोनेरी काठाच्या.

"कुणी भांडलं? खड्ड्यावरून, दिव्यावरून, तू कुणाच्या पोराला कोठडीत ठेवलं होतंस त्यावरून?"

"छे. फार अदबीनं वागले सगळे."

दियोसेलिनाने यंत्र थांबवले. "मग पडलास तू, फौजदार. ज्याला मत द्यायचं असतं त्याच्याशी माणसं भांडतात. दातांच्या डॉक्टरला काल माझ्या आईनं तासभर शिव्या दिल्या, त्याला मत नक्की. तुला सोनेरी काठाच्या कपात कॉफी देतात. पाहुण्याला देतात तशी. आणि वर तू खांबावर लिहून ठेवलंयस की मी कुणाचाच नाही."

"सगळ्यांचा, असं लिहिलंय."

"इथे ते एकच," ती म्हणाली.

मला उठून जावेसे वाटत होते, पण उठलो असतो तर जास्त अवघड झाले असते. मग दियोसेलिना वेगळ्याच आवाजात बोलली. म्हणाली की लग्न झाल्यापासून एकाही कार्निव्हलमध्ये ती नवऱ्याबरोबर नाचली नाही. तिच्या मैत्रिणींचे नवरे दारू पिऊन पडतात, त्यांना खांद्यावर टाकून घरी आणावे लागते, आणि तिला त्यांचा हेवा वाटतो. "यंदा तुझ्या अंगावर वर्दी नाही. यंदा माझ्याबरोबर चल."

"मग खालची आळी गेली हातातून."

"तुझ्या हातात आहे कुठे खालची आळी, जायला?"

नंतर त्याने मला विचारले, मी काय करू. मी कधी कुणाला सल्ला दिलेला नाही आणि तेव्हाही दिला नाही. एवढेच म्हणालो की तू वरच्या मिरवणुकीत दिसलास तर मला तुझ्यावर ढोल वाजवावा लागेल. तो म्हणाला, ते मला माहीत आहे. त्याच्या पक्षाचा एक माणूस राजधानीहून आला होता. त्याने सुचवले की दोन दिवस वर नाच, दोन दिवस खाली नाच, किंवा अर्धा हिरवा अर्धा निळा सदरा शिवून घे. हिरवा रंग त्यांचा, निळा आमचा. दियोसेलिनाने त्या माणसाला सांगितले की असला सदरा मी माझ्या यंत्रावर शिवणार नाही, आणि तो घालून हा चौकात गेला तर दोन्ही आळ्या मिळून त्याला नदीत टाकतील.

कार्निव्हल आला. शुक्रवारी दियोसेलिना गाठोडे घेऊन गेली. नवा फौजदार तरुण होता. ओलेगारियोने निवृत्त होताना घरी आणलेली खुर्ची तो सकाळीच येऊन मागून घेऊन गेला. शनिवारी ओलेगारियो घरातून बाहेर पडला नाही. रविवारीही नाही. मी ढोल वाजवता वाजवता त्याच्या दाराकडे बघत होतो. चौकात त्याची खुर्ची होती, तिच्यावर दुसराच माणूस, आणि आत त्याने उकडलेल्या युकाचा वास. दातांचा डॉक्टर वरच्या मिरवणुकीत पुढे नाचत होता, गुरांचा व्यापारी आमच्या मिरवणुकीत. दोघांवर दोन दोन गाणी झाली. ओलेगारियोवर कुठून होणार.

सोमवारी दुपारी, कार्निव्हलच्या रिवाजाप्रमाणे, नदीवरून पाण्याचे टँकर येऊन लोकांना भिजवून गेले होते. दोन्ही मिरवणुका चौकात आल्या. वरच्या आळीच्या रांगेत दियोसेलिना होती, आणि तिच्या शेजारी, गळ्यात हिरवा रुमाल, डोक्यावर वेताची टोपी, ओलेगारियो. तो नाचत होता. मी नाचत होता असे लिहितो, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही. डोंगरातल्या माणसाला आमचा ताल पायात उतरत नाही, तो ओल्या वाळूत रुतलेली बैलगाडी काढतात तसा हलत होता. दियोसेलिनाने त्याचा हात घट्ट धरला होता.

आधी त्यांचे ढोल थांबले, मग आमचे. चौकात असली शांतता गुड फ्रायडेलाही नसते. नवा फौजदार खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्याला काय करावे कळेना, कारण खुर्ची तर कुणी ओलांडली नव्हती.

आमच्या मिरवणुकीची म्होरकी तेव्हा तिया ब्रिहिदा होती. तिया म्हणजे मावशी, सारे गाव तिला तसेच म्हणे. आळीच्या अगदी टोकाच्या घरात राहायची, सत्तरी ओलांडलेली, आवाज भोपळ्यात खडे हलवल्यासारखा. गाणी तिला जागच्या जागी सुचायची. तिने ओलेगारियोला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, आणि माझ्याकडे न बघता बोट हलवले. मी ढोलावर हात टाकला. कोम्पाद्रे असला तरी आळी ती आळी.

खुर्चीवरचा फौजदार, खुर्चीलाच चिकटला,
बायकोनं कान धरला, तेव्हा रस्त्यावर प्रकटला.
मतं मागायला खाली येशील, ये की भल्या सकाळी,
दारोदारी बादली ओतू तुझ्या कोऱ्या कपाळी.

आमच्या बायकांनी ते उचलले, मग पुरुषांनी. दुसऱ्या फेरीला वरच्या आळीतलेही हसत होते. ओलेगारियोने टोपी काढली. राष्ट्रगीताला धरतात तशी छातीशी धरली आणि गाणे संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मला वाटले, आता हा घरी जाईल आणि दार लावून घेईल. गाणे संपले तेव्हा तो तिया ब्रिहिदाला म्हणाला, "तिया, पुन्हा एकदा म्हणा. मला पहिली ओळ नीट ऐकू आली नाही."

ती त्याला नीट ऐकू आली होती, हे सगळ्यांना कळले. तिया ब्रिहिदाने पुन्हा म्हटले, दुप्पट जोरात. मग वरच्या आळीने तिच्यावर उत्तर दिले, तिच्या दातांबद्दलचे जुनेच गाणे, आणि त्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत बेसूर आवाज ओलेगारियोचा होता. त्याला प्रत्येक शब्द पाठ होता. इतकी वर्षे मध्यभागी बसून त्याने दुसरे काय ऐकले होते? खरे तर त्याला आमचीही सगळी पाठ असणार.

राजधानीचा माणूस त्याच संध्याकाळच्या बसने निघून गेला. जाताना मला म्हणाला, संपलं. मलाही तसेच वाटले होते.

राखेच्या बुधवारी दियोसेलिना परतली. गुरुवारी सकाळी ओलेगारियो जुना सदरा घालून, अनवाणी, आमच्या आळीच्या पहिल्या घरापाशी येऊन उभा राहिला. ते घर हेनेरोसो खाटकाचे. ओलेगारियो म्हणाला, गाण्यात सकाळी ये म्हटलंय, आलो.

हेनेरोसो आत गेला आणि भरलेली बादली घेऊन आला. त्याने ती सावकाश, एक थेंब वाया न घालवता ओलेगारियोच्या डोक्यावर ओतली. आणि रिकामी बादली खाली ठेवता ठेवता भांडायला लागला. त्याच्या भावाला ओलेगारियोने एकदा नाताळच्या आदल्या दिवशी कोठडीत ठेवले होते, ते काढले. दुकानासमोरचा दिवा बंद आहे, ते काढले. पाण्याचे काढले. ओलेगारियो मिशीतून पाणी गळत असताना उत्तरे देत होता. म्हणाला, तुझ्या भावाच्या हातात कोयता होता, मी काय त्याला केक द्यायला हवा होता? दोघांचेही आवाज चढले. माणसे दारात आली.

मग दुसरे घर, तिसरे घर. माझेही मध्येच लागते. मी बादली ओतली आणि काय भांडावे ते सुचेना म्हणून डोमिनोत तू सोंगट्या लपवतोस असे म्हणालो. तो म्हणाला, हे तू इतकी वर्षे मनात ठेवलंस? एका घरी कुणी त्याला कॉफी दिली, पण कान तुटलेल्या कपात. तो कप त्याने हातात फिरवून पाहिला, तो किती खूश झाला ते मी पाहिले.

पण जसजसे आम्ही खाली जाऊ लागलो तसतशी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात यायला लागली. म्हणजे आम्हाला ती माहीतच होती, पण अशी एका रांगेत कधी दिसली नव्हती. आमच्या आळीच्या चौकाकडच्या टोकाला बादल्या होत्या. मधल्या घरांत पातेली आली. पुढे तांबे, मग पेले. मार्च महिना होता, नळ सुकत चालले होते. माणसे ओतायला भांडे घेऊन यायची आणि थोडे ओशाळायची. हसणे चालूच होते, पण कमी होत गेले.

शेवटचे घर तिया ब्रिहिदाचे. ती दारात उभीच होती, हातात अर्ध्या भोपळ्याची वाटी. तिने ती ओलेगारियोच्या डोक्यावर उपडी केली. जेमतेम केस ओले झाले, तेही आधीच ओले होते.

"एवढंच आहे," ती म्हणाली. "बादली म्हटलं होतं गाण्यात, पण एवढंच आहे. बाकीचं टाकी झाल्यावर."

ओलेगारियोने तोंडावरून हात फिरवला. "विसरणार नाही ना, तिया?"

"मी गाणी विसरत नाही."

"आणि मत?"

"ते काय विचारतोस. भिजलास ना?"

त्या निवडणुकीत तो आला, थोडक्यात पण आला. वरच्या आळीने दातांच्या डॉक्टरला मते दिली, तरी दियोसेलिनाच्या नात्यातली सगळी त्याच्याकडे वळली, कारण आता तो उघड उघड जावई झाला होता. आश्चर्य आमच्या आळीचे होते. गुरांच्या व्यापाऱ्याने नंतर तिया ब्रिहिदाला किराणा दुकानात गाठून जाब विचारला की वरच्या आळीत नाचणाऱ्याला तुम्ही मते कशी दिलीत. तिने त्याला सांगितले की इतकी वर्षे आम्हाला वाटायचे, या माणसाला बाजूच नाही, मग तो खुर्चीत ताठ बसतो यात त्याचे काय मोठे. आता कळले की त्याची बायको उजवीकडे नाचत होती, त्याचे मन उजवीकडे होते, आणि तरी खांदा कधी कलला नाही. असा माणूस तुझ्याकडे आहे का? व्यापारी मीठ न घेताच गेला.

अल्काल्दे झाल्यावर त्याने खांबांवरची ती घोषणा स्वतः शिडी लावून काढली. मग टाकीच्या मागे लागला. राजधानीतल्या एका कचेरीत त्याचा कागद अडला होता. दर वेळी गेला की साहेब बैठकीत असायचे. तेव्हा ओलेगारियोने तरुण फौजदाराकडून खुर्ची मागून आणली, ती बसच्या टपावर बांधली, राजधानीला नेली आणि त्या कचेरीच्या व्हरांड्यात मध्यभागी ठेवून तिच्यावर बसला. उजवा खांदा साहेबाच्या दाराकडे, डावा जिन्याकडे. सोबत उकडलेल्या युकाचा डबा. जाणारे-येणारे त्याला वळसा घालून जायचे. शिपाई हटवायला आले तेव्हा त्यांच्यातला एक आमच्याच बाजूच्या गावचा निघाला. त्याने बाकीच्यांना सांगितले, ही खुर्ची ओलांडू नका, मी हिच्याबद्दल ऐकलंय. असे बरेच दिवस चालले. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले आणि त्यांनी विचारले की तुम्ही किती दिवस बसणार. ओलेगारियो म्हणाला, संध्याकाळची घंटा होईपर्यंत. साहेब म्हणाले, इथे घंटा कुठे आहे. ओलेगारियो म्हणाला, तेच तर.

टाकी चौकाच्या मागे, गुरांच्या बाजाराच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. दोन्ही आळ्यांचा नळ तिथूनच निघतो. तोवर दोन कार्निव्हल झाले होते आणि दोन्हींत त्याच्यावर दोन्ही आळ्यांनी गाणी केली होती. वरच्या आळीच्या गाण्यात त्याचे नाचणे होते, आमच्या गाण्यात टाकीचा न संपणारा पाया. ती गाणी तो घरी मिशी कातरताना म्हणायचा, दियोसेलिना सांगते.

पाणी सोडायच्या दिवशी राजधानीहून मोठी माणसे आली होती, भाषणे झाली. ओलेगारियोचे भाषण सर्वांत लहान होते. ते संपता संपता खालून तिया ब्रिहिदाचा आवाज आला. नाव घेऊन हाक नव्हती, त्या जुन्या गाण्याची तिसरी ओळ होती: मतं मागायला खाली येशील. तो व्यासपीठावरून उतरला आणि आळीतून खाली चालू लागला. मागे आम्ही. त्या दिवशी दियोसेलिनाही आली. माझ्या आठवणीत ती त्या टोकापर्यंत पहिल्यांदाच गेली असावी.

तिया ब्रिहिदाच्या अंगणात नळ धो धो वाहत होता आणि त्याच्याखाली बादली काठोकाठ भरलेली होती. तिने ती उचलायचा प्रयत्न केला, पण दोन वर्षांत ती खूप थकली होती. बादली हलेना. आम्ही पुढे झालो तर तिने डोळे वटारले. तिला दुसऱ्या कुणाची मदत नको होती, आणि ओलेगारियो तर तिथे भिजायलाच उभा होता, त्याने उचलून कसे चालेल.

दियोसेलिना पुढे गेली. तिने बाह्या वर केल्या आणि बादलीच्या कडीची दुसरी बाजू धरली. "धरा तिया," ती म्हणाली. "माझ्याकडचा हिशोब वेगळा आहे. पंचवीस कार्निव्हल."

दोघींनी मिळून ती वर उचलली. ओलेगारियोने टोपी काढली आणि गुडघ्यांवर बसला, म्हणजे त्यांना हात पुरावेत. पाणी पडले तेव्हा सारी आळी ओरडली. तिया ब्रिहिदाने माझ्याकडे न बघता बोट हलवले. माझ्याकडे ढोल नव्हता. मी रिकामी बादली उपडी घातली आणि तिच्यावर हात टाकला.